हातगाडीवाला म्हणून हिणवलेला महापौर : शिकागो, १९३१

७ एप्रिल १९३१ रोजी शिकागोत महापौरपदासाठी मतदान झालं. विल्यम हेल थॉम्प्सन हे तेव्हाचे महापौर. रिपब्लिकन पक्षाचे, श्रीमंत घरातले, याआधी तीनदा निवडून आलेले, शहरभर ‘बिग बिल’ म्हणून ओळखले जाणारे. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे अँटन सरमॅक. थॉम्प्सन यांना ४,७६,९२२ मतं पडली, सरमॅक यांना ६,७१,१८९.

सरमॅक यांचा जन्म ९ मे १८७३ चा, बोहेमियातल्या क्लाद्नो या गावचा. ते तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. मूल जेमतेम वर्षाचं असताना आईवडिलांनी अमेरिकेची बोट धरली. बाप खाणकामगार. शाळा अर्ध्यावर सुटली आणि मुलगाही कोळशाच्या खाणीत कामाला लागला. असा माणूस तेहतीस लाखांहून जास्त वस्तीच्या शहराचा महापौर होतो, तोही समोरच्याला जवळपास दोन लाख मतांनी पाडून, हे आमच्या अभ्यासवर्गाने निवडलेलं प्रकरण.

हा वर्ग नवी मुंबईत, कोपरखैरण्यात भरतो. महापालिकेचं अंदाजपत्रक कसं वाचायचं, प्रभाग समितीत विषय कसा मांडायचा, स्थायी समितीत नेमकं काय ठरतं, हे शिकायला लोक येतात. त्यातल्या निम्म्यांना पुढेमागे नगरसेवकपदाचं तिकीट मागायचं असतं. जावळी-पाटणकडची माथाडी कामगारांची मुलं असतात, उत्तर प्रदेशातून आलेला एखादा छोटा कंत्राटदार असतो, केरळी नर्स असते, घणसोली-तळवली गावांतले आगरी तरुण असतात. अमेरिकेतल्या इतक्या जुन्या निवडणुकीचा आपल्याला काय उपयोग, असं पहिल्याच दिवशी एकाने विचारलं. प्रश्न योग्य होता. बाहेरून आलेला माणूस आपल्या समाजाचा पुढारी होतो हे आपण रोज बघतो. तो सगळ्या शहराचा माणूस कसा होतो, हे क्वचित दिसतं. शिकागोच्या प्रकरणात ती वाट टप्प्याटप्प्याने दिसते, म्हणून ते निवडलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरमॅक यांनी ही निवडणूक जिंकली ती १९०६ ते १९१५ या काळात. १९३१ साली फक्त मतं मोजली गेली.

खाणीपासून विधानसभेपर्यंत

इलिनॉय राज्यातलं ब्रेडवूड हे खाणकामगारांचं गाव. तिथे सरमॅक पोरवयात खेचरं हाकायचे. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते शिकागोत आले, घोड्यांच्या ट्रामवर काम केलं, मग स्वतःचा घोडा आणि गाडी घेऊन जळाऊ लाकूड विकायला लागले. गिऱ्हाईक सगळं चेक वस्तीतलं. दारोदार लाकूड टाकणाऱ्याला प्रत्येक घर माहीत होतं, कुणाचा मुलगा बेकार आहे, कुणाच्या नागरिकत्वाचे कागद अडलेत, कोण आजारी आहे. पक्षाला वस्तीपातळीवर असाच माणूस हवा असतो. १९०२ मध्ये ते राज्याच्या विधानसभेवर निवडून गेले आणि १९०९ मध्ये शिकागोच्या नगरसभेत आले. पुढे नगर न्यायालयाचे बेलीफ झाले, ते पदही तिकडे निवडणुकीने मिळतं. १९१८ मध्ये शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या निवडणुकीत पडले. १९२२ मध्ये कुक काउंटीच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं पद, पण हातात पैसा आणि नोकऱ्या कितीतरी जास्त.

वाटेत इमारती, जमिनी, बँक यांत त्यांनी पैसाही बराच केला. राजकारणातली माहिती आणि धंद्यातला नफा यांची सरमिसळ झाल्याचे आरोप त्यांच्यावर होत राहिले. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. गरीब घरातून आलेला म्हणून माणूस आपोआप स्वच्छ ठरत नाही, आणि प्रकरण अभ्यासताना त्याची आरती करायची नसते.

इथवरची कहाणी आपल्याकडेही सापडेल. साताऱ्याच्या दरे गावातून ठाण्यात येऊन रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले, २००४ मध्ये आमदार आणि २०२२ मध्ये मुख्यमंत्री. कष्टकरी घर, वस्तीतला संपर्क, पक्षाची शाखा, मग पद, हा रस्ता ठाणेकरांना समजावून सांगावा लागत नाही. सरमॅक वेगळे ठरतात ते पुढच्या भागात.

रविवार कुणाचा

त्या काळचा शिकागोतला कामगार आठवड्याचे सहा दिवस कत्तलखान्यात, पोलाद कारखान्यात नाहीतर कपड्यांच्या कारखान्यात राबायचा. सुट्टीचा वार एकच, रविवार. जर्मन, चेक, पोलिश कुटुंबं त्या दिवशी आपापल्या समाजाच्या सभागृहात जमायची. गाणी, कसरती, बँड, नाच, आणि मोठ्यांच्या हातात बिअर. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे तिथे असायचे. पण इलिनॉयच्या कायद्याने रविवारी दारूची दुकानं बंद ठेवायची होती. शहर तो कायदा बहुतेक वेळा पाळत नसे. तो कडकपणे पाळा, असा आग्रह प्रॉटेस्टंट चर्चच्या आणि सुधारक मंडळींचा होता. त्यांच्या मनात खरोखर कामगाराच्या संसाराची काळजी होती, हेही मान्य करायला हवं. दारूने घरं बुडत होती. पण मागणी करणारे बहुतेक जुन्या वस्तीचे, इंग्रजी घरातले, आणि झळ पोचणारे नव्याने आलेले, अशी ती विभागणी होती.

१९०६ मध्ये या सगळ्या समाजांच्या गायन मंडळांनी, व्यायामशाळांनी आणि परस्पर साहाय्य संस्थांनी मिळून एक महासंघ काढला, युनायटेड सोसायटीज. थोड्याच काळात सरमॅक त्याचे सचिव झाले. अध्यक्षपद त्यांच्याकडे नव्हतं, सचिवपद होतं, आणि मला सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अध्यक्ष भाषण करतो. सचिव पत्रं लिहितो, सभासद संस्थांच्या याद्या ठेवतो, सभागृह ठरवतो, वर्गणी गोळा करतो, कोणता पदाधिकारी कुणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवतो. काही वर्षांत सरमॅक यांना शहरातल्या जवळपास प्रत्येक स्थलांतरित समाजाच्या सभागृहाचा दरवाजा उघडा झाला. ते चेक होते, पण जर्मन गायन मंडळात त्यांना चेक पुढारी म्हणून बोलावत नव्हते, ‘आपला सचिव’ म्हणून बोलावत होते.

महासंघाची पद्धत साधी होती. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराकडून लेखी वचन घ्यायचं, रविवारबंदी लादणार नाही म्हणून. ज्याने सही दिली नाही, त्याचं नाव सभासदांपर्यंत पोचायचं. १९१५ मध्ये थॉम्प्सन यांनीही असं वचन लिहून दिलं होतं. निवडून आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी रविवारबंदी लागू केली. सरमॅक यांच्याकडे कागद होता, तो त्यांनी लोकांपुढे ठेवला. नोव्हेंबरमध्ये हजारो लोकांचा मोर्चा शहरातून निघाला, समाजासमाजाचे बँड आणि झेंडे घेऊन. १९३१ च्या दोन्ही उमेदवारांची पहिली मोठी टक्कर ही, निवडणुकीच्या सोळा वर्षं आधी झालेली.

यात दोन गोष्टी बारकाईने बघण्यासारख्या आहेत. रविवारचा कायदा राज्याचा होता, आणि १९२० पासून आलेली दारूबंदी तर थेट देशाच्या घटनेतली. महापौराच्या किंवा नगरसेवकाच्या हातात त्यातलं फार थोडं होतं. तरीही ती मागणी लोकांना जोडत होती, कारण ती प्रत्येक समाजाच्या रोजच्या जगण्यात होती आणि कुठल्याही एका समाजाची नव्हती. दुसरं असं, की महासंघामागे दारू गाळणाऱ्यांचा आणि दारू दुकानदारांचा पैसा होता. चळवळ खरी होती आणि पैसाही खरा होता. आमच्या वर्गात यावर तासभर वाद झाला. पैसा कुणाचा आहे यावरून मागणी खोटी ठरते का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण मागणी पुढे नेणाऱ्याने तो पैसा उघड सांगितला पाहिजे. सरमॅक यांनी तो फारसा कधी सांगितला नाही.

मंडळं, आणि मंडळांची मर्यादा

नवी मुंबईत मंडळांना तोटा नाही. प्रत्येक तालुक्याचं मंडळ, प्रत्येक जातीची संस्था, खानदेशींचं वेगळं, कोकणातल्या गावागावाचं वेगळं, मल्याळी समाजम, उत्तर भारतीय संघ. हळदीकुंकू, स्नेहसंमेलन, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, जत्रेच्या गाड्या. ही मंडळं खूप मोलाचं काम करतात. नव्याने आलेल्याला खोली, नोकरी आणि रक्ताची बाटली इथेच मिळते. निवडणूक आली की मात्र प्रत्येक मंडळ एकच प्रश्न विचारतं, ‘आपल्या माणसाला तिकीट किती?’

सरमॅक यांनी दुसरा प्रश्न विचारला. आपल्या सगळ्या मंडळांना एकत्र नडणारी गोष्ट कोणती? मला इथे खरा फरक दिसतो. पहिल्या प्रश्नाने माणूस नगरसेवक होतो, कारण एकसदस्य प्रभागात एका समाजाची मतं पुरतात. दुसऱ्या प्रश्नाशिवाय तो शहराचा होत नाही.

आमच्या वर्गातल्या एका ताईंचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर आणि बाजारपेठा मुंबईतून वाशीला हलल्यानंतर ही हजारो कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. ताई म्हणाल्या, ‘सर, आमच्या वडिलांची पिढी एकत्र आली ती पाठीवरच्या पोत्यामुळे. जावळीचा, पाटणचा, शिराळ्याचा असं पोतं विचारत नाही.’ सरमॅक यांच्या सचिवपणाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला देता आलं नसतं.

यादी कशी बनली

१९२८ मध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रमुख जॉर्ज ब्रेनन वारले. पक्ष तोवर आयरिश पुढाऱ्यांच्या मुठीत होता. आयरिश लोकही स्थलांतरितच, पण दोन पिढ्या आधी आलेले, इंग्रजी बोलणारे, पोलिसात आणि महापालिकेत बसलेले. त्याच वर्षी सरमॅक सिनेटची निवडणूक हरले, तरी पक्षावरची पकड त्यांनी मिळवली. त्यांनी उमेदवारांच्या यादीचं गणित बदललं. आयरिश पुढाऱ्यांपैकी पॅट नॅश यांना सोबत घेतलं. ज्यू समाजातल्या जेकब आर्वी यांच्यासारख्या तरुणांना पुढे आणलं. पोलिश, जर्मन, चेक, ज्यू, प्रत्येकाला यादीत जागा दिली, आणि जागा देताना एकच अट ठेवली. आपल्या वॉर्डातली मतं पूर्ण यादीला पडली पाहिजेत, फक्त आपल्या माणसाला नाही.

यात भावनेचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त. १९३० च्या जनगणनेत शिकागोचे सुमारे एक चतुर्थांश रहिवासी परदेशात जन्मलेले होते, आणि त्यांची इथे जन्मलेली मुलं धरली तर हा वर्ग शहरात बहुसंख्य होता. पण बहुसंख्य असणं आणि बहुमत असणं यांत अंतर आहे. ते अंतर सरमॅक यांच्या यादीने भरून काढलं.

हिणवणं

प्रचारात थॉम्प्सन यांनी सरमॅक यांच्या नावावर घसरायला सुरुवात केली. ‘टोनी’ म्हणून हाक मारायची, तुझी हातगाडी कुठे ठेवलीस म्हणून विचारायचं. असल्या नावाचा माणूस जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पाहुण्यांचं स्वागत करणार का, असं सभांमधून म्हणायचं. शिकागोत १९३३ मध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं, त्याचा हा संदर्भ. गंमत म्हणजे थॉम्प्सन स्वतः बोस्टनला जन्मलेले.

सरमॅक यांनी उत्तरात आपलं मूळ लपवलं नाही आणि त्याचा मोठा गाजावाजाही केला नाही. मेफ्लॉवर हे १६२० मध्ये इंग्लंडहून आलेल्या सुरुवातीच्या वसाहतवाल्यांचं जहाज. जुन्या अमेरिकी घराण्यांना त्याचा अभिमान. सरमॅक म्हणाले, मेफ्लॉवरवरून मी आलो नाही हे खरं, पण जमेल तितक्या लवकर आलो. सभागृहातल्या पोलिश, इटालियन, ज्यू श्रोत्याला ते वाक्य स्वतःचंच वाटलं. ‘टोनी’ ही शिवी एकाला दिली होती, ती ऐकणारे लाखभर निघाले.

आपल्याकडे २०२२ मध्ये शिंदे यांना रिक्षावाला म्हणून टोमणे बसले, तेव्हा रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकलं असं उत्तर त्यांनी दिलं. कष्टाच्या कामावरून टोमणा मारणारा नेहमी विसरतो की ऐकणाऱ्यांत ते काम करणारेच जास्त असतात. मात्र वर्गात मी एक सावधगिरीची सूचना करतो. सरमॅक यांच्यापाशी ते वाक्य असूनही, मागे पंचवीस वर्षांचा महासंघ नसता तर ते फक्त टाळ्यांचं वाक्य राहिलं असतं. पुष्कळ उमेदवार हजरजबाबीपणावर मेहनत घेतात आणि सभासद यादीवर घेत नाहीत.

जे बाहेर राहिले

या विजयाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी १९३१ मध्ये थॉम्प्सन यांना मतं दिली. त्याला कारण होतं. थॉम्प्सन यांनी त्यांना पालिकेत नोकऱ्या दिल्या होत्या, त्यांच्या पुढाऱ्यांना मान दिला होता. आणि हे लोकही स्थलांतरितच. दक्षिणेतल्या राज्यांतला जाच सोडून रेल्वेने शिकागोत आलेले, अमेरिकेचे नागरिक असून या शहरात परके.

सरमॅक यांनी सत्तेवर येताच हजारो हंगामी पालिका कर्मचाऱ्यांना काढलं, त्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वस्तीतल्या जुगाराच्या अड्ड्यांवर पोलिसांच्या धाडी सुरू झाल्या. अड्डे इतरत्रही होते, धाडींचा जोर मात्र तिथे होता. आमच्या पक्षात या, मग थांबतील, हा त्यामागचा निरोप होता. आयुष्यभर ‘आम्हालाही या शहराचे माना’ असं म्हणणाऱ्या माणसाने सत्ता मिळाल्यावर दुसऱ्या परक्यांना असं वागवलं. मला हा भाग वाचताना दर वेळी त्रास होतो, आणि तो वर्गातून वगळावा असं कधीच वाटत नाही. स्थलांतरितांची युती म्हणजे सगळ्या वंचितांची युती असं आपण सहज धरून चालतो. सरमॅक यांच्या युतीला कुंपण होतं, आणि त्या कुंपणाबाहेर कोण हे त्यांनीच ठरवलं होतं. पुढे त्यांच्यानंतर आलेले एडवर्ड केली यांनी याच वस्त्यांशी जुळवून घेतलं, नोकऱ्या आणि पदं दिली, आणि १९३५ मध्ये तिथली मतं मोठ्या प्रमाणात मिळवली. म्हणजे मार्ग होता, सरमॅक यांनी तो धरला नाही.

नवी मुंबईत हे चित्र उलटं आहे, आणि जास्त गुंतागुंतीचं. इथे शिकागोसारखे आम्ही सगळे बाहेरून आलेलो. ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं, ते आगरी-कोळी गावकरी संख्येने कमी झाले. १९७० मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांची जमीन घेतली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, मग घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तेव्हा सेक्टरमधल्या स्थलांतरिताने ‘शहर माझंही आहे’ म्हणताना, गावठाणातल्या माणसाला ते कसं ऐकू येतं, याचा विचार त्याला करावाच लागतो. शिकागोत मूळ रहिवाशांना १८३३ च्या कराराने मिशिगन सरोवराच्या काठावरून हुसकावलं गेलं होतं. सरमॅक यांच्या काळात त्यांचं म्हणणं मांडायला मतदार यादीत कुणी उरलं नव्हतं. आपल्याकडे ते आहेत, संघटित आहेत, आणि महापालिकेच्या राजकारणात ठामपणे बसलेले आहेत. १९९५ च्या पहिल्या निवडणुकीनंतरचे पहिले महापौर संजीव नाईक हे याच भूमीतले. हे शहराच्या दृष्टीने चांगलंच झालं असं मी मानतो.

खुर्ची आणि तिजोरी

सरमॅक यांना मिळालेली तिजोरी रिकामी होती. १९२८ मध्ये मालमत्तांचं फेरमूल्यांकन सुरू झालं आणि जवळपास दोन वर्षं करवसुली रखडली. मग मंदी आली. वर मोठ्या मालमत्ताधारकांनी कर न भरण्याची मोहीम काढली. शाळाशिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. १९३२ मध्ये सरमॅक यांनी वॉशिंग्टनला जाऊन सांगितलं, आत्ता कर्ज द्या, नाहीतर नंतर सैन्य पाठवावं लागेल. त्याच वर्षी शिकागोत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांना वेळेवर पाठिंबा दिला नव्हता, त्यामुळे नव्या अध्यक्षाशी संबंध सुधारायलाच हवे होते. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीतल्या बेफ्रंट पार्कमध्ये ते रूझवेल्ट यांना भेटले. तिथे जुझेप्पे झांगारा या इटलीतून आलेल्या गवंड्याने रूझवेल्ट यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. पाच जणांना लागल्या, त्यांत सरमॅक होते. ६ मार्चला ते वारले. दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. जन्मभर ज्या दारूबंदीशी ते भांडले, ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उठली. त्यांच्यानंतर आजवर परदेशात जन्मलेली व्यक्ती शिकागोची महापौर झालेली नाही.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो

इथे वर्ग थांबतो आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडतो, कारण शिकागोचा धडा जसाच्या तसा उचलता येत नाही. सरमॅक यांना मतदारांनी थेट निवडलं होतं, चार वर्षांसाठी. आपला महापौर नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि पद कुठल्या प्रवर्गाला जाणार ते मुंबईत सोडत काढून ठरतं. प्रशासन आयुक्तांच्या हातात असतं. म्हणून ‘मला महापौर व्हायचंय’ हे आपल्याकडे मतदारांपुढे मांडता येण्यासारखं ध्येय नाही. मांडायचं ते नगरसेवकपद. पुढचं पक्षाच्या संख्याबळावर आणि सोडतीवर.

उमेदवारीच्या मूळ अटी दोन, शहराच्या मतदार यादीत नाव आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण. जन्म कुठला हे कुणी विचारत नाही. पण राखीव जागेवर गोष्ट बदलते. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचं महाराष्ट्रातलं वास्तव्य १० ऑगस्ट १९५० च्या आधीचं लागतं, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचं. साताऱ्याहून आलेल्याला ही अडचण नाही. कर्नाटकातून किंवा उत्तर प्रदेशातून १९८० नंतर आलेल्याला, त्याची जात तिकडे कुठल्याही यादीत असो, इथे खुल्या जागेवरच लढावं लागतं. आमच्या वर्गातल्या कंत्राटदार दादांना हे तिथेच पहिल्यांदा कळलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग वहीत तारखा लिहून घेतल्या. पुष्कळ जण अर्ज भरण्याच्या आठवड्यात हे शोधतात आणि मग एजंटांच्या हाती सापडतात. ही माहिती दोन वर्षं आधी हवी.

दुसरा फरक बहुसदस्य प्रभागांचा. २०१७ मध्ये ठाण्यात १३१ नगरसेवक ३३ प्रभागांतून निवडले गेले, बहुतेक ठिकाणी चार-चार. अशा प्रभागात एका समाजाची मतं आता पुरत नाहीत. चौघांच्या पॅनलला सेक्टर, गावठाण, झोपडपट्टी, सगळीकडे फिरावं लागतं. या पद्धतीबद्दल तक्रारी खूप आहेत, नगरसेवक नेमका कुणाला विचारायचा हेच कळत नाही, आणि ती तक्रार मला पटते. पण सरमॅक यांच्यासारखी जोडणी करायला ती उमेदवाराला भाग पाडते, हेही खरं.

आपला रविवार कोणता

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने एक मागणी लिहून आणायची होती. अट अशी की ती किमान तीन समाजांना सारखी नडत असली पाहिजे. पाणी, पार्किंग, रुग्णालय अशी उत्तरं आली. माथाडी कामगाराच्या लेकीने, त्याच ताईंनी, लीज आणली. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे. घर विकायचं, वारसाच्या नावावर करायचं, तर सिडकोचा ना-हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क. ताईंचं म्हणणं, हे माथाडीला लागतं, मल्याळी सोसायटीला लागतं, आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत बांधलेल्या गावकऱ्यालाही लागतं. महापालिकेच्या हातात ते नाही, सिडको आणि राज्य सरकारच्या हातात आहे. पण शिकागोचा रविवार तरी कुठे पालिकेच्या हातात होता? मला ती मांडणी फार आवडली.

तेव्हा घणसोलीचा एक मुलगा उठला. म्हणाला, ‘ताई, तुमच्याकडे निदान भाडेपट्ट्याचा कागद आहे. आमच्या बापाने कुटुंब वाढलं म्हणून गावठाणाला लागून घर बांधलं, त्याला तर कागदच नाही. गरजेपोटीची घरं तुमच्या यादीत कुठे आहेत? आम्हाला घेऊन चाललात, की आमच्या नावावर चाललात?’

ताईंनी लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी सुधारलेली मागणी आणली. तिच्यात गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या नियमितीकरणाचा मुद्दा पहिला होता आणि हस्तांतरण शुल्काचा दुसरा. खाली सह्यांसाठी तीन रकाने होते, गावठाण, सेक्टर, माथाडी वसाहत. गावठाणाच्या रकान्यातली पहिली सही त्या मुलाने केली, आणि गावकीच्या बैठकीत हा कागद ताईंनी स्वतः येऊन वाचावा, अशी अट घातली. त्या गेल्या. बैठक चार तास चालली, नियमितीकरणाच्या हद्दीवरून जोरदार भांडण झालं, आणि कागदावर आणखी अकरा सह्या आल्या.